दारं धरणारा खलाशी

"झोपलास का?" असं तात्यांनी मला कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं त्या रात्रीसुद्धा नाही. ते नुसते माझ्या पायांकडे बघायचे. तोंड खोटं बोलतं, डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपतो, पण झोपलेल्या माणसाच्या पायाची बोटं जमीन धरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आमच्या पायाखाली जमीन नव्हती. बेचाळीस फुटांची शिडाची होडी होती, तिच्याखाली तीन-चार किलोमीटर पाणी, आणि सगळ्यात जवळचा किनारा पाच-सहा दिवसांवर.

तात्या शेवगाव तालुक्यातले. पाटाच्या अगदी टोकाच्या गावातले, म्हणजे पाणी जिथे पोचायच्या आत वरचे लोक ते संपवतात अशा गावातले. असल्या गावातला माणूस एकोणिसाव्या वर्षी नौदलात गेला, तिथली नोकरी पुरी करून परत आला, आणि मग शिडाच्या होड्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायची कामं घेऊ लागला. मला भेटले तेव्हा साठीला टेकले होते. मी श्रीरामपूरचा. मोठ्या मालवाहू जहाजांवर इंजिनियर, तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे रिकामा. गोव्याहून एक होडी मॉरिशसला न्यायची होती आणि पुण्याच्या कप्तानांना इंजिन-बॅटऱ्या बघायला माणूस हवा होता. एवढ्या मोठ्या समुद्रात आम्ही तिघंच.

पहिल्याच दिवशी धक्क्यावर त्यांनी मला विचारलं, "कोन्त्या गावचा?"

"श्रीरामपूर."

"म्हंजी बागायती," ते म्हणाले. "पानी न मागता मिळाल्यालं." आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, की जणू मीच त्यांच्या गावचा पाट वरच्या वर अडवून ठेवला होता. त्या दिवसापासून मी 'श्रीरामपूर'. "ए श्रीरामपूर, दोरी धर." "श्रीरामपूरला चहा द्या." माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही शंका आहे. आईनं मोठ्या हौसेनं बायबलमधून निवडून ठेवलेलं नाव तेवीस दिवस कुणी उच्चारलंच नाही.

तात्यांच्या अंगावर रात्री घोंगडी असायची. कप्तानांनी प्रत्येकाला महागडे नारिंगी रेनकोट दिले होते. तात्यांनी आपला घडी घालून उशाला घेतला आणि घोंगडीची खोळ करून डोक्यावर ओढली. ती खाऱ्या पाण्यानं एकदा भिजली ती पुढे कधी वाळली नाही. चौथ्या दिवशी खालच्या छोट्याशा खोलीत ओल्या मेंढरांचा कळप शिरल्यासारखा वास सुटला. कप्तान म्हणाले, "तात्या, एक तर घोंगडी राहील नाही तर मी." तात्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "साहेब, वाट तुमाला म्हाईत हाय. तुमी ऱ्हावा." आणि घोंगडी डोलकाठीच्या बुंध्याला बांधून टाकली. रात्र झाली की ती सोडून घेत, सकाळी पुन्हा बांधत.

गोड्या पाण्याच्या बाबतीत ते आमच्या दोघांच्याही वरताण होते. टाक्या भरलेल्या होत्या, वर खाऱ्याचं गोडं करणारं यंत्रही होतं, पण तात्या अर्ध्या पेल्यात दात घासून, तोंड धुऊन, राहिलेलं पाणी पेल्यातच फिरवून पिऊन टाकत. मी एकदा नळ सोडून हात धुतले. ते दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसले. संध्याकाळी स्वतःच भाकरी आणून दिली. बाजरीचं पीठ दोन आठवड्यांत कडू होतं म्हणून त्यांनी निघायच्या आधीच गोव्यात कुणाच्या तरी चुलीवर पाच शेर पिठाच्या भाकरी भाजून, कडक वाळवून आणल्या होत्या. ठेच्याबरोबर ती भाकरी फोडायला इंजिनियरच लागायचा.

वाऱ्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. वारा अचानक फिरला आणि कप्तान वैतागले की म्हणायचे, "वारा पावना हाय, साहेब. पावन्याला का आला ते इचारू नये, काय खानार ते इचारावं." आणि शीड हवं तेवढं ढिलं करायला उठायचे. चांदण्यांची नावंसुद्धा त्यांची स्वतःची, म्हणजे गावची. सप्तर्षी म्हणजे बाजलं, आणि त्यामागे बाज चोरायला टपलेले तीन चोर. आम्ही दक्षिणेला जात होतो तसं बाजलं दर रात्री थोडं थोडं खाली उतरत होतं. एके रात्री पाळी बदलताना त्याचे दोन पाय पाण्यात गेले तेव्हा तात्या बराच वेळ उत्तरेकडे बघत राहिले. "घर लांब ऱ्हायलं," एवढंच म्हणाले.

रात्रीचे तीन भाग केले होते. आठ ते अकरा कप्तान, अकरा ते दोन तात्या, दोन ते पाच मी. एक जण वर, दोघं खाली झोपलेले. होडी आपली आपण चालते, वाऱ्यावर फिरणारं सुकाणू तिला सरळ ठेवतं. वरच्या माणसानं फक्त जागं राहायचं आणि बघायचं. कप्तान त्याला वॉच म्हणत. तात्या म्हणत, "दारं धरायचीत."

ज्यांनी पिकाला पाणी दिलंय त्यांना दारं धरणं समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पाटाचं पाणी शेतात आलं की एका सरीचं तोंड फावड्यानं फोडायचं, सरी भरली की ते मातीनं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. पाळी रात्रीची आली तर रात्रभर हेच. अंधारात पाणी सरीच्या टोकाला पोचलं की नाही ते दिसत नाही, म्हणून टोकाला अनवाणी उभं राहायचं. पायाला गार लागलं की समजायचं. आपली पाळी संपली की पुढच्या शेतकऱ्याला हाक द्यायची, "पानी तुझ्याकडं." त्यानं आपल्या बांधावर उभं राहून, पाणी खरोखर पायाला लागल्यावरच उलट सांगायचं, "आलं माझ्याकडं." ते ऐकू येईपर्यंत पहिल्यानं जागचं हलायचं नाही. तो हलला आणि मधेच कुठं पाट फुटला तर पाणी तिसऱ्याच्याच वावरात, आणि सकाळी गावात डोकी फुटलेली.

तात्यांनी हा सगळा रिवाज जसाच्या तसा समुद्रात आणला होता. दोन वाजता मी जिना चढून वर यायचो. ते सुकाणूशेजारी घोंगडीत उभे असायचे. म्हणायचे, "श्रीरामपूर, पानी तुझ्याकडं." मी पहिल्या रात्री लगेच "आलं" म्हणालो, तर त्यांनी मान हलवली.

"काय दिसतंय?"

"काही नाही. काळोख."

"मंग काय आलं तुझ्याकडं? काळोख? आधी आभाळ आन पानी येगळं कर, मंग बोल."

खालच्या उजेडातून माणूस वर आला की सगळं एकच काळं दिसतं. दहा-पंधरा मिनिटं अनवाणी उभं राहिल्यावर कुठं तरी एक फिकट रेघ सुटते, तिच्या वर आभाळ आणि खाली समुद्र. ती रेघ पुरी गोल फिरून दिसली, की मगच "आलं माझ्याकडं" म्हणायचं, आणि मगच तात्या खाली जायचे. तोवर पाणी त्यांचं. एकदा बघावं तरी म्हणून मी मुद्दाम अर्धा तास लावला. ते अर्धा तास उभे राहिले. शेवटी मलाच लाज वाटून मी बोललो. कप्तानांना हा सगळा पोरखेळ वाटायचा, पण रात्री अकराला तेही निमूटपणे शुद्ध पुणेरीत "पाणी तुमच्याकडे" म्हणायला शिकले होते, कारण त्याशिवाय तात्या सुकाणूला हात लावत नसत.

आता त्या रात्रीचं सांगतो. सांगायला आवडत नाही, पण त्याशिवाय तात्या पुरे होत नाहीत.

चौदावी रात्र होती. दोन दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, त्यामुळे बॅटऱ्या उतरलेल्या. जवळ जहाज आलं की ओरडणारं यंत्र आम्ही वीज वाचवायला बंद ठेवलं होतं. त्याचा अर्थ वरच्या माणसाचे डोळे हाच एकमेव आधार. मी इंजिन रूमचा माणूस, तिथे रात्र आणि दिवस सारखेच, चोवीस तास दिवे. आभाळाखाली जागायची सवय मला अजून लागली नव्हती, आणि त्या दिवशी मी दुपारभर पंपाशी झगडलो होतो. दोन वाजता जिना चढलो तो अर्धा झोपेतच. तात्या म्हणाले, "पानी तुझ्याकडं." मी म्हणालो, "आलं माझ्याकडं." रेघ बघितली नाही. डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते.

तात्या क्षणभर थांबले, मग खाली गेले. मी कोपऱ्यात पाठ टेकून बसलो.

जाग आली ती आवाजानं. मोठ्या डिझेल इंजिनाचा धडधडाट मला झोपेतही ओळखू येतो, आयुष्य त्याच्याशेजारी गेलंय. आधी वाटलं, मी जहाजावरच आहे. मग डोळे उघडले तर डाव्या हाताला भिंत. काळी, उंच, सरकणारी, आणि वर कुठं तरी आभाळात एक दिवा. किती अंतर होतं ते मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही. त्या जहाजावरच्या कुणी आम्हाला पाहिलंसुद्धा नसणार. ते गेलं, आणि मागून त्याच्या लाटा आल्या. होडी आडवी झाली, शीड फडाफडा आपटलं, खाली भांडी, डबे आणि कप्तान असं सगळं एकदमच खाली पडलं.

कप्तान वर आले तेव्हा त्यांची भुवई फुटली होती. दूर जाणारे दिवे बघून त्यांना सगळं समजलं. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वॉच कोणाची होती?"

"माझी," जिन्यातून तात्या म्हणाले.

"नाही, कप्तान," मी म्हणालो, "माझी. मी झोपलो."

"तू गप. साहेब, पानी त्यानं घेतलंच न्हवतं. त्याचं नुसतं तोंड बोललं. म्या पाय बघितलं हुतं त्याचं, ढिलं हुतं. कळलं हुतं मला. तरी गेलो खाली. डोळ्यावर झोपेची पाखरं बसली हुती माझ्या."

"पण तो 'आलं' म्हणाला ना?"

"म्हनला. पन मला कळलं हुतं."

कप्तान आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. रक्त पुसत म्हणाले, "चूक दुसऱ्यावर ढकलणारी माणसं पुष्कळ पाहिली. एका चुकीसाठी भांडणारे तुम्ही पहिलेच." तात्यांनी लॉगबुक मागून घेतलं. इंग्रजी नोंदींच्या खाली मोठ्या, तिरप्या अक्षरात मराठीत लिहिलं, 'पाणी न देता खाली गेलो', आणि सही केली.

सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "तात्या, तुम्ही माझ्यासाठी हे..."

"तुझ्यासाठी?" ते खरंच चिडले. "चुलत्याच्या वावरातलं तन उपटायला मला येळ न्हाई. माझं हुतं ते म्या उपटलं. तुझं तू उपट."

माझं तण काय आहे ते मला त्याच रात्री समजलं. दोन वाजता वर गेलो. तात्या म्हणाले, "पानी तुझ्याकडं." मी उभा राहिलो. रेघ दिसली, पुरी गोल दिसली, पण शब्द तोंडातून फुटेना. सारखं वाटत होतं, मी बोलेन, ते खाली जातील, आणि मी पुन्हा झोपेन. या दोन माणसांचा जीव माझ्या एका शब्दावर टांगलाय आणि तो शब्द मी एकदा खोटा बोललोय. तात्यांनी विचारलं नाही, समजूत घातली नाही, पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. माझी पाळी संपेपर्यंत, पाचला कप्तान वर येईपर्यंत, ते माझ्याशेजारी उभे राहिले. अकरापासून पाचपर्यंत, सहा तास. दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री तसंच. साठीचा माणूस, गुडघे सुजलेले. चौथ्या रात्री ते उभ्या उभ्या डुलत होते आणि घोंगडीतून हात काढून शिडाची दोरी धरून होते.

पाचव्या रात्री मी चप्पल खालीच काढली. वर आलो, दोन्ही तळवे लाकडावर टेकून उभा राहिलो. ढग फाटले होते. हळूहळू रेघ सुटली, उत्तरेपासून फिरत पुन्हा उत्तरेला आली. मी म्हणालो, "तात्या, आलं माझ्याकडं."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग जिना उतरले, आणि त्यांचं शेवटचं पाऊल वाजलं न वाजलं तोच खालून घोरणं ऐकू आलं. तो घोरण्याचा आवाज ऐकत मी तीन तास जागा राहिलो आणि मधून मधून रडलो. आयुष्यात कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकून झोपलं नव्हतं.

मॉरिशसला पोचल्यावर कप्तानांनी पुढच्या होडीसाठी दुसरा माणूस बघितला. म्हणाले, "तात्या, वय झालं." लॉगमधल्या ओळीचा विषय त्यांनी काढला नाही, पण ती सगळ्यांना पाठ होती. चूक माझी होती असं मी कप्तानांना पुन्हा एकदा सांगून पाहिलं, ते म्हणाले, लिहिलंय ते लिहिलंय. मला तिथूनच एका जहाजावर रुजू व्हायचा निरोप आला आणि मी गेलो. भांडायला हवं होतं, भांडलो नाही. तात्या विमानतळावर घोंगडीची वळकटी काखेत मारून उभे होते. तो त्यांचा शेवटचा प्रवास ठरला. मला तो सल आहे, आणि तो जाऊ नये असंही वाटतं.

पुढे सुट्टीवर आलो की मी त्यांच्या गावाला जायचो. श्रीरामपुराहून नेवाशावरून एसटीनं शेवगाव, तिथून जीप. घर साधं, सिमेंटचं, वर गच्ची. घरी ते आणि काकू. एक मुलगी, ती अकोल्याकडे शाळेत शिक्षिका. गावात तात्यांची थोडी चेष्टाच व्हायची. चहाच्या टपरीवर एकानं माझ्यासमोरच त्यांना छेडलं, "तात्या, वावरात राखन करतो ती डुकरं येत्यात म्हनून. तिकडं दर्यात राखायचं काय हुतं? ना पीक, ना बांध."

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "झोपल्याली मानसं," ते म्हणाले. टपरीवरचा विषय बाजारभावाकडे वळला.

काकू त्यांच्यापेक्षा वरचढ. नवरा समुद्रावर असताना रात्रीची दारं त्यांनी धरली होती, लेकीला पाठीशी बांधून. "हे बोटीवर जागं, मी वावरात जागी," त्या हसून म्हणाल्या. "आमच्या संसारात झोप कुनाला आली म्हनता?" निवृत्तीनंतरही तात्या रात्री अकराला गच्चीवर जायचे, दोनला खाली यायचे, काकूंच्या उशाशी उभे राहून म्हणायचे, "पानी तुझ्याकडं." काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "आलं, आलं, झोपा आता." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी तात्यांकडे बघितलं. बाईचे डोळे मिटलेले, आभाळ-पाणी वेगळं केलेलं नाही, आणि हे चालतं? तात्या खाली बघत म्हणाले, "तिचं पाय बघावं लागत न्हाईत."

मागच्या थंडीत काकूंचा फोन आला. "श्रीरामपूरचं भाऊ का? फोनात ह्यांनी श्रीरामपूर म्हनूनच लिवलंय. नावच न्हाई." तात्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. नगरला दवाखान्यात दोनदा काढलं, पुन्हा भरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी त्याच दिवशी निघालो.

तात्या उशांना टेकून बसलेले, नाकाला नळी, खाली ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं. मला बघून म्हणाले, "श्रीरामपूर, तुझं पंप कामाचं न्हाईत. खालून पानी शिरलंय." हसले आणि खोकले. काकू तीन रात्री झोपल्या नव्हत्या, मुलगी दुसऱ्या दिवशी यायची होती. मी म्हणालो, आजची रात्र मी बसतो.

काकू दाराशी उभ्या राहिल्या. जाईनात. मग म्हणाल्या, "पानी तुमच्याकडं."

मी खुर्चीतून उठलो. तात्यांची छाती वर-खाली होताना नीट बघितली, नळी बघितली, यंत्राचा हिरवा दिवा बघितला. "आलं माझ्याकडं, काकू." त्या पडवीत जाऊन आडव्या झाल्या.

पहाटे तीनच्या सुमाराला तात्यांनी डोळे उघडले. माझ्या पायांकडे बघितलं. थंडी होती, मी मोजे घातले होते. "मोजं काढ," ते म्हणाले. मी काढले. फरशी बर्फासारखी होती.

"किती वाजलं?"

"तीन."

"म्हंजी पाळी तुझी. मंग मी का जागा हाय?" त्यांनी श्वास गोळा केला. मग जुन्या आवाजात म्हणाले, "श्रीरामपूर, पानी तुझ्याकडं."

मी काही बोललो नाही. मला ठाऊक होतं ते काय मागत होते. आणि मला हेही ठाऊक होतं, की मी बोलल्याशिवाय हा माणूस जागचा हलणार नाही. अर्धा तास लावला तर अर्धा तास, पाच रात्री लावल्या तर पाच रात्री.

"बोल की."

"अजून आभाळ आणि पाणी वेगळं झालं नाही, तात्या."

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "ढगाळ हाय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "थांबतो."

बाहेर आभाळ चांदण्यांनी गच्च भरलं होतं. ते थांबले. उजाडेपर्यंत त्यांचा हात खाटेच्या दांडीला धरलेला होता. सकाळी काकू आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनंच, जसं काही मी मोठी लढाई जिंकलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या चहा ठेवायला गेल्या. दोन दिवसांनी मुलगी नीट रुळल्यावर मी श्रीरामपूरला परतलो.

त्यानंतर अकराव्या दिवशी पहाटे पाचच्या आत फोन वाजला. काकू होत्या. आवाज शांत होता.

"गेलं हे," त्या म्हणाल्या.

त्याच बोलत राहिल्या. "चार दिस तेच चालू हुतं, भाऊ. पानी तुझ्याकडं, पानी तुझ्याकडं. मी बी तुमच्यावानी गप बसले. म्हनलं, ढगाळ हाय, थांबा. थांबायचे. मंग आज ह्यांचं पाय बघितलं म्या. सुजून डबल झाल्यालं. म्हनलं, किती येळ उभं ठिवायचं मानसाला? उठले, दिवा मालवला, खिडकी उघडली. चांगलं दिसंपतोर उभी ऱ्हायले. मंग म्हनलं, आलं माझ्याकडं. जावा खाली. झोपा."

"आणि झोपले?" मी विचारलं.

"लगीच," काकू म्हणाल्या. "तुमी या सावकास. मी हाय जागी."